जनरल रजिस्टरमधली जुनी नोंद शोधून देताना : माझा अनुभव

शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या आम्हा काही कारकुनांना आणि शिपायांना गावाच्या उपयोगाचं एक काम मिळालं आहे. जातीच्या दाखल्यासाठी लोकांना आजोबा-पणजोबांची शाळेतली नोंद जनरल रजिस्टरमधून, म्हणजे शाळेत प्रवेश घेतलेल्यांच्या नोंदवहीतून, शोधून द्यायची. प्रवेशाच्या दिवसांत मुख्याध्यापकांना उसंत नसते आणि नव्या लिपिकाला जुनं अक्षर लागत नाही. आम्हाला लागतं.

सुरुवात परवानगीपासून. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि कार्यालयातच, कुणीतरी हजर असताना बसावं. रजिस्टर शाळेबाहेर जाऊ द्यायचं नाही. त्यात पेन्सिलीची टिंबभर खूणसुद्धा करायची नाही, यावर मी फार आग्रही आहे. जात पडताळणीच्या वेळी चौकशीला येणारं पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर पाहू शकतं. वेगळी शाई, खाडाखोड, मागाहून घुसवलेलं अक्षर दिसलं की खऱ्या नोंदीवरही संशय येतो.

पानं उलटण्याआधी घरच्यांशी नीट बोलून घ्यावं. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचा पुरावा भक्कम धरतात. म्हणून वडिलांच्या बाजूची वंशावळ कागदावर काढून घ्यायची : आजोबा, चुलत आजोबा, आजोबांच्या बहिणी. आईकडची नोंद इथे सहसा चालत नाही. प्रत्येकाच्या अंदाजे जन्मसालात सहा-सात मिळवले की कोणतं रजिस्टर उघडायचं ते कळतं, मात्र पुढची-मागची तीन वर्षंही चाळावीत. बहिणींची नोंद माहेरच्या नावाने असते आणि कित्येकदा वेगळ्या कन्याशाळेत असते.

नोंद असूनही सापडत नाही, त्याची कारणं ठरलेली. जुन्या नोंदीत आडनाव नसतं, नुसतं ‘विठू रामा’ असतं, किंवा आडनावाच्या जागी गावाचं नाव असतं. घरात ज्यांना ‘अण्णा’ म्हणत त्यांचं कागदावरचं नाव नातवंडांना माहीतच नसतं. जन्मतारखेवर तर मुळीच विसंबू नये. गुरुजी सर्रास 1 जून लिहीत, त्यामुळे एकाच पानावर ती तारीख अनेकांची दिसते. ओळख पटवायची ती वडिलांचं नाव, जन्मगाव आणि आधीची शाळा या तीन रकान्यांवरून. काही रजिस्टरं मोडी लिपीत असतात, मराठवाड्यात निजामकाळातली उर्दूतही सापडतात. तिथे अंदाजाने वाचू नये, जाणकाराकडूनच लिप्यंतर करून घ्यावं. जिल्हा परिषदा 1962 साली आल्या. त्याआधीच्या लोकल बोर्डाच्या शाळेचं दप्तर शाळा विलीन झाली तेव्हा कुठे गेलं, हे बहुधा जुन्या शिपायालाच ठाऊक असतं.

पुन्हा पुन्हा पानं हाताळली की ती तुटतात, म्हणून मुख्याध्यापकांच्या संमतीने सूची करून ठेवावी. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, डावं-उजवं पान एकाच फोटोत घ्यावं. रजिस्टर क्रमांकाचा रकाना कापला गेला तर तो फोटो वाया. मग वेगळ्या वहीत रजिस्टर क्रमांक, नाव, वडिलांचं नाव, गाव, प्रवेशाचं साल आणि पान क्रमांक उतरवायचा. जात सूचीत लिहू नये. ती मूळ नोंदीतच पाहावी, आणि सूची शाळेच्याच कपाटात राहावी. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नये : काही वर्षांत ती पिवळी पडते, काढताना अक्षर घेऊन निघते.

नोंद सापडली की क्रमांक आणि पान चिठ्ठीवर लिहून लिपिकाकडे द्यायचं. उतारा शाळाच देते, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी. आम्ही फक्त मुळाशी ताडून पाहतो. रजिस्टरात पोटजात असेल तर उताऱ्यातही पोटजातच हवी, ऱ्हस्व-दीर्घही ‘सुधारायचं’ नाही, मूळ रकाना कोरा असेल तर उताऱ्यातही कोराच. नावातला फरक अर्जदाराने प्रतिज्ञापत्रात मांडावा.

नोंद मिळालीच नाही तर कुठली सालं तपासली ते घरच्यांना लिहून द्यावं आणि शेजारच्या गावची शाळा, जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14, जमिनीच्या नोंदींची जुनी खासरापत्रकं यांकडे पाठवावं.