शून्याचं तिकीट, १९ किलोची ट्रंक

पाऊस उघडला. म्हणजे आमच्याकडं उघडतो तसा: सकाळी ऊन, दुपारी एक सर, संध्याकाळी परत ऊन. वर जांबोटी-कणकुंबीकडं अजून चालूच असेल म्हणा. पण आमच्या कपाटामागच्या भिंतीला आता हात लावला की ओल लागत नाही, तेव्हा माझ्यापुरता पावसाळा संपला. शुक्रवारपासून ट्रंका परत फिरणार.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. मी ब्लाऊज शिवते. गावात मला टेलर काकी म्हणतात आणि आमच्या ह्यांना टेलर काकीचा नवरा. (त्यांना ते अजिबात आवडत नाही, चांगली चार एकर भातशेती करणारा माणूस आहे.) शिवणाच्या खोलीला लागून पूर्वी भाताची पोती ठेवायची एक खोली होती, तिच्यात रोज संध्याकाळी पाच ते सात वाचनालय असतं. अशी सात गावांत आमची सात वाचनालयं. चार खानापूर तालुक्यात, तीन बेळगाव तालुक्यात. एक देवळाच्या ओवरीत, एक दूध डेअरीच्या मागं आणि एक चक्क पिठाच्या गिरणीत. गिरणीतलं पुस्तक हातात आलं की आधी फुंकर मारायची, मग उघडायचं.

प्रत्येक गावाकडं एक लोखंडी ट्रंक, ट्रंकेत ४० पुस्तकं. महिनाभर एका गावात मुक्काम, मग पुढच्या गावाला. सात ट्रंका म्हणजे २८० पुस्तकं, आणि कुठल्याच गावात २८० पुस्तकांचं कपाट नाही. ट्रंका सगळ्या फौजी आहेत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळं आमच्या भागात गल्लीगल्लीत रिटायर फौजी आणि त्यांच्या माळ्यावर काळ्या ट्रंका. मागितल्या तर आनंदानं दिल्या. तीन नंबरच्या ट्रंकेवर अजून सुभेदार काकांचं नाव आणि आर्मी नंबर पांढऱ्या रंगात आहे. पुसू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे की, तेवढीच माझी ड्यूटी चालू ऱ्हाईल."

ट्रंकेची कल्पना आमची नाही. बेळगावचे एक रिटायर ग्रंथपाल सर आहेत, त्यांनी सांगितली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला आणि संस्थानात वाचनालयांचं जाळं विणलं. त्यात लांबच्या खेड्यांसाठी पुस्तकं भरलेल्या लाकडी पेट्या पाठवायचे, वाचून झाल्या की परत. आणि १९३१ मध्ये तिकडं तमिळनाडूत मन्नारगुडीला तर बैलगाडीतून पुस्तकं फिरवली. सर हे सगळं सांगत होते आणि मी मनात हिशोब करत होते, बैलगाडी आता कुणाकडं आहे?

बैलगाडीचं उत्तर सरकारनं दिलं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. त्याआधी ट्रंक न्यायला कुणाच्या तरी टेम्पोच्या मागं लागायचं, नाहीतर मोटरसायकलला मागं बांधायची, आणि एकदा तशी बांधलेली ट्रंक बिडीच्या रस्त्यावर सुटून पडली तो किस्सा मी आधी लिहिलाय. आता दोघी बायका दोन बाजूंनी कडी धरतात आणि ट्रंक बसमध्ये चढते. पुस्तकांसकट १९ किलो, रेशनच्या काट्यावर घातलीय मी. पहिल्यांदा कंडक्टरनं विचारलं, यात काय आहे? पुस्तकं म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. उघडून दाखवली. त्यानं एक रहस्यकथा उचलली आणि खानापूर येईपर्यंत उभ्यानं वाचत राहिला. दोन स्टॉप त्याचे चुकले.

आता बातम्या.

सगळ्यात मोठी ही की आठवी ट्रंक तयार झाली आणि ती कर्नाटकाच्या हद्दीपलीकडं जाणार आहे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, माझ्या माहेरच्या गावाला. यात माझा थोडा स्वार्थ आहे हे मान्य करते. माहेरी लहान गाव असूनही वाचनालय होतं, 'ड' वर्गाचं. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन सरकार अनुदान देतं. अनुदान थोडं आणि उशिरा यायचं, पण यायचं, आणि आमच्या वाचनालयात दोन वर्तमानपत्रं आणि एक कपाट होतं. लग्न होऊन इकडं आले. हद्दीवरच्या शिनोळीपासून बेळगाव किती लांब? अर्धा तास. तेवढ्यात कायदा बदलतो. कर्नाटकाचा १९६५ चा. इथं शहरात घरपट्टीवर शेकडा ६ रुपये ग्रंथालय कर असतो आणि त्यातून सरकारच वाचनालयं चालवतं. पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही, कर घेऊन वाचनालय चालवणं महाराष्ट्राला अजून जमलेलं नाही. पण नव्या नवरीला सासरी वाचायला मराठी पुस्तक नव्हतं एवढं खरं. पहिली दोन वर्षं मी शिवणाचे कागदी कटिंग वर्तमानपत्रातून कापायच्या आधी ते वर्तमानपत्र वाचून काढायची. बाह्यांवरचे अग्रलेख मला अजून आठवतात.

तर ट्रंक निघणार, इकडं हद्दीपर्यंत शून्याचं तिकीट, तिथून पुढं एसटी. महाराष्ट्रात बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. सीमाप्रश्न एवढ्या सोप्या आकड्यांत मला कुणी कधी सांगितला नव्हता.

दुसरी बातमी वाईट. या पावसाळ्यात ३१ पुस्तकं बुरशीनं धरली, त्यातली २२ वाचवता आली. ओवरीतल्या वाचनालयात कपाट भिंतीला चिकटवलेलं होतं, तीच चूक. हातभर नाही तरी चार बोटं जागा सोडा, वारा फिरला पाहिजे. आणि भिजलेलं पुस्तक कडक उन्हात घालू नका, पानं पापडासारखी वळतात. सावलीत, पंख्याखाली, मधेमधे वर्तमानपत्राचे तुकडे घालून वाळवायचं. वाळल्यावर कोरड्या ब्रशनं बुरशी झाडायची, ती अंगणात, घरात नाही. कपाटात वेखंड आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला. डांबरगोळ्या मी बंद केल्या, गिरणीवाल्या वाचनालयातून तक्रार आली की पिठाला वास लागतोय.

दुरुस्तीची खळ मी अशी करते: मैदा गार पाण्यात कालवून मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचा, गुठळी होऊ द्यायची नाही, उतरवताना चिमूटभर मोरचूद. मोरचुदानं कसर आणि किडे लांब राहतात. विष आहे, भांडं वेगळं ठेवा, पोरांना हात लावू देऊ नका. पातळ अंक असतात त्यांच्या पिना पावसाळ्यात गंजतात आणि मधलं पान सुटतं. तिथं माझी विद्या कामाला येते. पिना काढून टाकायच्या आणि घडीवर सरळ मशीन मारायची, १८ नंबरची सुई, टाका लांब. बारीक टाका घातला तर कागद पोस्टाच्या तिकिटासारखा घडीवर फाटतो. हे मी एक अख्खा दिवाळी अंक वाया घालवून शिकले.

याचीच शिकवणी ग्रंथालय सप्ताहात ठेवलीय, १४ ते २० नोव्हेंबर. रोज एका गावात, संध्याकाळी चार वाजता. येताना घरातलं एक फाटकं पुस्तक, सुई आणि जुनी पातळ साडी आणा. साडीची पट्टी पुस्तकाच्या पाठीला लावायला मलमलीपेक्षा चांगली बसते. मशीन मी घेऊन फिरणार नाही, कंबर गेलीय, त्या गावच्या कुणीतरी द्यायची.

त्याआधी १५ ऑक्टोबर. अब्दुल कलामांच्या जयंतीचा हा दिवस महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. आम्ही इकडं पाळतो, कुणी सांगितलं नसताना. त्या दिवशी भाषण ठेवायचं नाही हे ठरलंय, मागच्या वर्षी पाहुण्यांनी वाचनाचं महत्त्व सव्वा तास सांगितलं आणि वाचायला वेळच उरला नाही. यंदा फक्त मोठ्यानं वाचन. एकेकानं एकेक पान. आमच्या पोरांची गंमत अशी आहे की काही मराठी शाळेत, काही कन्नड, बरीच इंग्लिश मीडियमला. इंग्लिश मीडियमच्या पोरांना देवनागरी हिंदीमुळं वाचता येते, पण 'ळ' आला की गाडी थांबते. दिवसभर तोंडात केळी, माळ, आभाळ, आणि कागदावर ते अक्षर कुठलं म्हणून माझ्याकडं बघतात. "काकी, हे काय ओ उलटं आठ?" एका पोरानं विचारलं. शेजारची कन्नड शाळेतली मुलगी हसली, तिच्या लिपीत ळ आहे. मग तिनंच त्याला शिकवला.

तिच्यावरून सांगते, ग्रामपंचायतीचं वाचनालय आणि आमचं यांच्यात एक समझोता झाला. पंचायतींची वाचनालयं २०१९ पासून ग्रामविकास खात्याकडं आली, आता त्यांना 'अरिवु केंद्र' म्हणतात. अरिवु म्हणजे जाण. मुलांना तिथं सभासद व्हायला पैसे पडत नाहीत. तिथल्या बाईंना मी अक्का म्हणते, त्या मला काकी म्हणतात, आम्हा दोघींत मोठी कोण हे अजून ठरलेलं नाही. त्यांच्याकडं टेबलं, कॉम्प्युटर, स्पर्धा परीक्षांची कन्नड पुस्तकं, माझ्याकडं कथा-कादंबऱ्या. पोलीस भरतीची पोरं त्यांच्याकडं, त्यांच्या आया माझ्याकडं. नोव्हेंबरपासून त्यांच्या एका फळीवर आमची २० मराठी पुस्तकं आणि आमच्या ट्रंकेत त्यांची १० कन्नड.

त्या ग्रंथपाल सरांनी या पुस्तकांना नंबर घालून दिले. ड्यूईच्या, म्हणजे वाचनालयात पुस्तकांना विषयवार नंबर द्यायच्या पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ आणि कन्नड ८९४.८१४. मधले ८९२ आणि ८९३ हे अरबी, हिब्रू आणि तिकडच्या भाषांचे. ती पुस्तकं आमच्याकडं एकही नाही. त्यामुळं फळीवर मराठीला खेटून कन्नडच उभी राहते. अक्कांना दाखवलं तर म्हणाल्या, "मग मधे कुणी अरबी आणून ठेवू नका म्हणजे झालं."

१ नोव्हेंबरला ट्रंक हलणार नाही. त्या दिवशी इकडं कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी लोकांचा काळा दिन, बेळगावकरांना सांगायला नको. त्या दिवसाची बदली २ तारखेला होईल.

दसऱ्याचं एक भांडण मिटवायचंय. खंडेनवमीला मी मशीन पूजते, त्याच पाटावर वाचनालयाची वही आणि पाच पुस्तकं. पूजेतल्या पुस्तकाला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, असं आमच्या सासूबाईंनी शिकवलेलं. मागच्या वर्षी एक सातवीतला पोरगा नेमका पूजेतलंच पुस्तक मागायला आला. अर्धं वाचून झालेलं, पुढं काय होतं ते कळल्याशिवाय त्याला झोप येत नव्हती. सासूबाई नाही म्हणाल्या, मी गप्प बसले, पोरगा पायरीवर बसून राहिला. शेवटी सासूबाईंनीच फूल बाजूला सारलं आणि पुस्तक काढून दिलं, वर हळदकुंकू लागलेलं पान चाटू नको म्हणून सांगितलं. यंदा पूजेला फक्त कुणी न नेलेली पुस्तकं ठेवणार. तशी भरपूर आहेत, त्यांचीही कुणीतरी पूजा करू दे.

दिवाळी अंकांची वर्गणी घेणं चालू आहे, घरटी १०० रुपये. मराठीत दिवाळी अंक १९०९ पासून निघतायत आणि आमच्याकडं ते होळीपर्यंत वाचतात, कारण सात गावांतून फिरून येतात. रेसिपीची पानं फाडणाऱ्या बाईंना मी ओळखते. नाव घेत नाही. मागच्या वर्षी अनारशांचं पान गेलं, ते तरी परत करा, माझे अनारसे यंदाही हसणार नाहीतर.

थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानीकडची साहित्य संमेलनं असतात. तिथल्या स्टॉलवर ट्रंकेसाठी खरेदी करायची, तेव्हा यादी डिसेंबरपर्यंत द्या. यादीत "काहीतरी चांगलं" असं लिहू नका. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनाला, आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायच्या आहेत, त्याचं नंतर सविस्तर लिहीन.

शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या बसला ट्रंक नंबर ५ निघते. एक बाई मी, दुसरी हवी. जिला वेळ असेल तिनं सव्वादहाला स्टॉपवर यायचं, आधार कार्ड आणायला विसरायचं नाही. पुरुष आले तरी चालतील, तिकीट मात्र काढावं लागेल.