तुम्ही विचारलंत म्हणून: पेनड्राइव्ह आता खिशात का नसतो

"जुना लॅपटॉप पडलाय घरी, लिनक्स टाकून देता का?" १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले, तेव्हापासून हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा जात नाही. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ठाण्याच्या तलावपाळीवर फेरी मारताना, गोखले रोडला भाजी घेताना. मी "बघू" म्हणतो. मग पुढचा प्रश्न येतो आणि तो जास्त लागतो: "पूर्वी तर स्वतःहून पेनड्राइव्ह घेऊन यायचात. आता टाळता का?"

टाळत नाही. उत्तर लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकतो. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ती टाकायला लागणारा पेनड्राइव्ह माझ्या खिशात असायचा. मिंट, लुबुंटू, अँटीएक्स, उबुंटू, डेबियन ही तिचीच वेगवेगळी रूपं.

आधी सोपं ते. 'कुठलं लिनक्स' हा प्रश्न अवघड नाहीच. ६४ बिटचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, किंवा लुबुंटू. २ जीबी असेल तर अँटीएक्स. अ‍ॅटम एन२७० प्रोसेसरवाला छोटा नेटबुक असेल, तर तो ३२ बिटचा, म्हणजे जुन्या पिढीचा आहे आणि त्याच्यासाठी वाटा कमी होत चालल्यात. उबुंटूने ते केव्हाच सोडलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही. चार पैसे खर्च करणार असाल तर आधी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क बसवा. लिनक्स टाकल्याने जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त तिने पडतो.

आणि एक गोष्ट मागे घेतो. "१ जीबीवरसुद्धा पळतं" असं मीच सगळ्यांना सांगत होतो. पळतं, ते खरं आहे. हलका डेस्कटॉप, म्हणजे चालू केल्यावर दिसणारा नुसता पडदा, काहीशे एमबीत उभा राहतो. पण माणूस कम्प्युटर लावून डेस्कटॉपकडे बघत बसत नाही. तो बँकेचं पान उघडतो, यूट्यूब लावतो, आणि ती पानं लिनक्सवर आली म्हणून हलकी होत नाहीत. तीन-चार टॅब उघडले की २ जीबी संपतात. हे मला तेव्हाही माहीत होतं. सांगत नव्हतो.

आता आत्याचं.

आत्या नौपाड्यात राहते. शाळेतून निवृत्त झाली तेव्हा तिने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेला डेस्कटॉप कम्प्युटर घेतला होता: २ जीबी रॅम, १६० जीबीची डिस्क, विंडोज ७. २०२३ च्या गणपतीनंतर तिचा फोन आला, "अरे, बँकेचं पान उघडत नाहीये." त्या वर्षीच्या सुरुवातीलाच विंडोज ७ साठी क्रोमच्या नव्या आवृत्त्या येणं थांबलं होतं. एवढंच झालं होतं. मी गेलो तो पेनड्राइव्ह घेऊन.

तिने लिनक्स मागितलं नव्हतं, हे वाक्य इथे ठळकपणे लिहायला हवं. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरची ११५ ही आवृत्ती तेव्हा विंडोज ७ वर चालत होती. ती टाकून, चहा पिऊन मी परत येऊ शकलो असतो.

लिनक्स पेनड्राइव्हवरून चालू करून दाखवलं. आवाज येत होता, वायफाय लागलं, बँकेचं पान उघडलं. ती खूश झाली. मी तिच्या डेस्कटॉपवरच्या फाइली आणि माय डॉक्युमेंट्स माझ्या डिस्कवर घेतले. त्याच डिस्कचा दुसरा भाग, म्हणजे डी ड्राइव्ह, उघडून बघितला. गाण्यांचे फोल्डर, ड्रायव्हरच्या सीडीच्या कॉप्या, आणि 'आईचं' नावाचा एक फोल्डर. तो मला दिसला होता. आजीचे फोटो असतील, आणि फोटो तर सगळ्यांच्या फोनवर आहेत, असं वाटलं. उघडला नाही. ती शेजारीच बसली होती, तिला विचारलंही नाही. डिस्क पूर्ण पुसून इन्स्टॉल करायचा पर्याय निवडला आणि पुढे गेलो. साधारण अर्ध्या तासात झालं. चालू व्हायला आधी जेवढा वेळ लागायचा त्याच्या निम्म्यात चालू झालं, तेव्हा मीच टाळी वाजवली.

तिसऱ्या दिवशी फोन. "अरे, डी कुठे गेला?"

'आईचं' मध्ये फोटो नव्हते. आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आजीला आठवतील तशा आत्याने वहीत उतरवल्या होत्या आणि निवृत्तीनंतर बसून चौदा फाइलींत टाइप केल्या होत्या. वह्या? २००५ च्या २६ जुलैला तळमजल्यावरच्या जुन्या घरात पाणी शिरलं, त्यात बऱ्याच भिजल्या. ज्या वाचता येत होत्या त्या टाइप झाल्यावर तिने रद्दीत दिल्या होत्या. कम्प्युटरमध्ये आहेत म्हणून.

मी तिला कम्प्युटर बंद करायला सांगितलं आणि रिक्षाने गेलो. पुन्हा पेनड्राइव्हवरून चालू केला आणि पुसलेल्या फाइली शोधून काढणारं फोटोरेक लावलं, सापडेल ते बाहेरच्या डिस्कवर जाईल असं. नशीब एवढंच, की डिस्क फिरती होती आणि नव्या सिस्टिमने तिच्यातली आठ-दहा जीबी जागाच वापरली होती. बाकी जागेवरचं जुनं अजून तसंच होतं. एसएसडी असती तर ट्रिम होऊन, म्हणजे पुसलेली जागा खरोखर साफ होऊन, बहुधा काहीच हाती लागलं नसतं. रात्रभर चाललं. फोटोरेक फाइल परत देतं, नाव परत देत नाही. इंग्रजी एफ, पुढे आकडे. अशा हजारो.

आणि त्या उघडल्या तर मराठी नव्हतंच. आत्या टाइपरायटरवर शिकलेली, तिचा फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचा. तो फॉन्ट नसेल तर 'पहिली माझी ओवी' च्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं दिसतात. फॉन्ट गेला होता विंडोजच्या सी ड्राइव्हबरोबर. तोही त्याच ढिगात सापडला, बिननावाचा. पण फॉन्टचं खरं नाव फाइलच्या आत असतं. तो फॉन्टांच्या फोल्डरात टाकला, लिब्रेऑफिस हा लिहायचा प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला, आणि पडद्यावर आजी बोलायला लागली. मी पहाटे पाचला त्या खुर्चीत रडलो. आत्या आत झोपली होती. की जागी होती, ते मी विचारलं नाही.

चौदापैकी नऊ फाइली मिळाल्या.

आत्या मला रागावली नाही. "तुला काय माहीत," एवढंच म्हणाली. पण मला माहीत होतं. फोल्डर मी बघितला होता.

यावर माझं माझ्याशीच भांडण अजून चालू आहे. एक मन म्हणतं, जानेवारी २०२० पासून सुरक्षेचा एकही अपडेट न मिळालेल्या विंडोजवर सत्तरीतल्या बाईला बँकेचे व्यवहार करू देणं हेही बरोबर नव्हतं. आणि ती डिस्क तेव्हाच चौदा वर्षांची होती, उद्या आपोआप बंद पडली असती तर चौदाच्या चौदा गेल्या असत्या. दुसरं मन म्हणतं, हे सगळं तू नंतर जुळवलंस. त्या दिवशी तुला आणखी एक कम्प्युटर लिनक्सवर आणायचा होता, आत्याची अडचण फक्त निमित्त होती. दोन्ही खरं आहे. त्यातलं जड कुठलं, ते मला ठरवता येत नाही.

तोच डेस्कटॉप, तेच लिनक्स ती आजही वापरते. तिच्यावर मी आधी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची वेगळी मांडणी लादली होती, "दोन आठवड्यांत हात बसेल" म्हणून. आयबस या लिनक्सच्या टायपिंगच्या सोयीत टाइपरायटरची मांडणीही मिळते, हे मी नंतर शोधलं. आता ती युनिकोडमध्ये लिहिते. ओव्या पुन्हा लिहिल्या का, हे मी विचारलेलं नाही.

तर तुमच्या लॅपटॉपचं. येईन. पण रविवारी सकाळी, आणि कम्प्युटर ज्यांचा आहे त्या व्यक्तीने पूर्ण वेळ शेजारी बसायचं. घरातल्या आजी-आजोबांचा असेल तर त्यांनी, त्यांच्या मुलाने नाही. एकेक फोल्डर उघडायचा, हे काय आहे ते त्यांनी मला सांगायचं, कॉपी दोन ठिकाणी घ्यायची, आणि ती दुसऱ्या कम्प्युटरवर उघडून बघायची. याला दोन रविवार लागले तर दोन. तोवर पेनड्राइव्ह घरीच ठेवतो. हे ऐकून बरेच जण "राहू दे मग" म्हणतात. त्यांनी नवीन घेतलेला बरा, असं मला खरंच वाटतं.

फोटोरेकचा तो ढीग माझ्या कपाटातल्या डिस्कवर आहे. आत्याच्या फॉन्टमध्ये 'पहिली माझी ओवी' कोणत्या रोमन अक्षरांची दिसते ते मला पाठ झालंय, पण नऊ फाइलींपलीकडे ती ओळ कुठे सापडली नाही. बाकीच्या ओव्या त्या ओळीने सुरू होत नसतील. म्हणून आता एकेक उघडून बघतो. बाराशेच्या आसपास उरल्यात.