ससून डॉकवर, आहेराच्या वहीत

"फोटो काढायचा नाही हं ताई," फाटकावरच्या माणसाने बजावलं आणि माझा निम्मा उत्साह तिथेच संपला. पहाटे साडेचारला उठून कुलाब्याची ही मासळीची गोदी गाठायचं कारणच फोटो होतं. मुंबईला आले होते भाचीच्या लग्नाला. हळद, लग्न, सत्यनारायण, तीन दिवस छान गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मोबाइल पर्समध्ये टाकला आणि आहेराच्या नोंदींची वही काढली. "मामी – साडी, ५०१" याच्याखाली लिहिलं : वास.

आम्हा सोलापूरकरांना मासळी माहीत ती आठवडी बाजारातली, सुकट आणि खारे बोंबील. तसलाच वास असणार म्हणून पदर तयारीत होता. पण बांगड्यांच्या ढिगाजवळ वाकले तर ओल्या लोखंडासारखा वास, त्यात बोटींचं डिझेल. घाण येत होती ती फरशीवरच्या पाण्याची. पंधरा मिनिटांत तीही येईनाशी झाली. नाक फार लवकर सरावतं.

कान मात्र सरावत नाहीत. बर्फाच्या लाद्या फोडल्याचा आवाज, हातगाड्यांचा खडखडाट, आणि "बाजू, बाजू!" हे इथे धक्का लागून गेल्यावर म्हणतात, हे मला तिसऱ्या धक्क्याला कळलं. लिलावाचे आकडे लिहायला घेतले. तीन लिहिले तोवर पाटी विकलीही गेली. पुण्याच्या ससून हॉस्पिटलला ज्या घराण्याची देणगी, त्याच घराण्याने १८७५ साली ही गोदी बांधली, तीही कापसाच्या व्यापारासाठी. आता त्यातला थोडा कापूस माझ्या कानांसाठी हवा होता.

पलीकडे कोळंबी सोलणाऱ्या बायका बसल्या होत्या. मी खरं तर तिथेच रेंगाळले. डोकं मोडायचं, साल ओढायची, पाठीतला काळा दोरा काढायचा. सगळं बोलता बोलता, हाताकडे न बघता. बर्फाच्या पाण्याने बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. मी लिहिलं, "बोटं – खूप वेळ कपडे धुतल्यासारखी." तेवढ्यात एक मावशी ओरडल्या, "काय लिवतेस गं? सरकारी हायेस काय?"

"नाही हो मावशी, असंच."

"असंच?" त्या शेजारणीकडे बघून हसल्या. मला ओशाळल्यासारखं झालं. त्यांच्या पोटापाण्याच्या कामासमोर मी आहेराची वही घेऊन उभी, तीही रेशमी साडीत.

"लिवून काय कलनार? धर." एक थंडगार कोळंबी तळहातावर आली. डोकं मोडायला गेले तर त्यावरचा करवतीसारखा काटा सरळ अंगठ्यात घुसला. बायका खदखदून हसल्या. मावशींनी अंगठा धरून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि दुसऱ्या हाताने काम चालूच ठेवलं.

वहीत पुढची नोंद एवढीच आहे : "काटा. थंड." त्याखालची मामेसासऱ्यांच्या पाकिटाची रक्कम पाण्याने फुटली आहे. ताई अजून विचारते, किती होते गं?