काठावरचा शेवटचा सव्वा तास आणि फाऊल हुकचा प्रश्न

मार्जिनमधील, म्हणजे काठालगतच्या पाण्यातील, फाऊल हुकचे (गळ तोंडात न लागता माशाच्या अंगाला टोचण्याचे) जे दुखणे मागच्या बहुतेक सर्व नोंदींतून मी उगाळत आलो आहे, त्यावर रविवारच्या मासेमारीच्या सामन्यात प्रथमच काहीसा उतारा सापडला. एकूण वजन ९७ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे ४४ किलो भरले आणि सेक्शनमध्ये (तलावाच्या वाटून दिलेल्या भागात) पहिला क्रमांक मिळाला. सामना जिंकणाऱ्याने कोपऱ्यातील पेगवरून (बसण्याच्या ठरवून दिलेल्या जागेवरून) १३१ पौंड काढले, त्यामुळे फुशारकी मारण्याजोगे काही नाही. परंतु माझ्या वजनातील साठ पौंडांच्या आसपासचा भाग शेवटच्या सव्वा तासात, काठाला लागून, बहुतांशी तोंडात गळ असलेल्या माशांचा होता, आणि ही नोंद त्यासाठीच आहे.

तलाव इंग्लंडच्या वॉरविकशायरमधील नेहमीचाच, सामना दहा ते तीनचा. १६ जूनला नद्या मासेमारीला उघडल्यापासून क्लबातील निम्मी मंडळी बार्बेल या नदीतील माशाच्या मागे लागली आहेत, त्यामुळे ड्रॉच्या पिशवीत पेग कमी होते आणि माणसांमधील अंतर सुखावह होते. नैर्ऋत्येचा वारा ज्या काठावर येऊन आदळत होता त्याच काठावरचा पेग मला मिळाला. उजवीकडे वेताची दाट रांग होती आणि डावीकडे रिकामा लाकडी प्लॅटफॉर्म. अशा वाऱ्यात वरचे कोमट पाणी व तरंगते खाद्य याच काठाला येऊन साचते, आणि दुपार कलली की मासेही त्यामागून येतात. पहिला दीड तास बेटाच्या कडेला हायब्रिड फीडर (चारा भरून फेकायचा वजनदार साचा) आणि त्यावर वेफ्टर (तळालगत अलगद तरंगणारे आमिष), त्यानंतर पाच मीटरवर चार मिलिमीटरचे हार्ड पेलेट (खाद्याच्या कठीण गोळ्या). या दोन्हींबद्दल नवे सांगण्यासारखे काही नाही. एफ-वन आले, थोडे छोटे कार्प आले, आणि वजन रांगत वर सरकत राहिले.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा. येथील कॉमन कार्प म्हणजे आपल्याकडील मत्स्यशेतीत ज्याला सरसकट सायप्रिनस म्हणतात तोच मासा, आणि एफ-वन हा कार्प व क्रुशियन यांचा संकर. पकडलेला मासा खायचा नसतो. बिनकाट्याच्या गळाने पकडून कीपनेटमध्ये, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या जाळ्यात, ठेवायचा आणि वजन झाल्यावर तलावात परत सोडायचा, असा येथील दंडक आहे. या तलावावर एका कीपनेटला ५० पौंडांची मर्यादा आहे आणि त्यावरचे वजन धरले जात नाही. त्यामुळे मनातल्या मनात बेरीज करत राहावे लागते आणि मी तीन जाळी पाण्यात ठेवतो.

आता मूळ दुखणे. दुपारी दीडच्या सुमारास काठाजवळ चारा टाकला की कार्प येतात याबद्दल कधीच शंका नव्हती. पाणी गढुळते, वेत हलतात, एखादे शेपूट पृष्ठभागाबाहेर येते आणि गळाच्या दोरीवरचा तरंगता फ्लोट सपकन खाली जातो. पोल (रीळ नसलेली लांब काठी) उचलावा तर मासा लागलेला असतो. परंतु तोंडात लागलेला कार्प जसा आधी जागीच डोके झटकतो तसे तो काही करत नाही. तो थेट तलावाच्या मध्याकडे सुटतो, पोलच्या आतले रबरी इलॅस्टिक मीटरच्या मीटर बाहेर ओढले जाते, आणि मग एकाएकी सगळे सैल पडते. गळ परत येतो तेव्हा त्यावर जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढा खवला टोचलेला असतो: एका बाजूला सोनेरी तपकिरी, दुसऱ्या बाजूला काचेसारखा पारदर्शक, मुळाशी चिकट बुळबुळीचा पातळ पदर. असा मासा जाताना एकटा जात नाही, चाऱ्यावर जमलेल्या इतरांनाही उधळून जातो, आणि पुढची दहा मिनिटे काठ ओस पडतो. शेवटच्या तासात दहा मिनिटे म्हणजे एक-दोन मोठे मासे, अर्थात सहज पंधरा पौंड.

यावर सर्वसाधारणपणे दिला जाणारा सल्ला असा की घाई करू नका, उशिरा उचला. तो मी इमानदारीने पाळून पाहिला आणि माझ्या मते तो अपुरा आहे. फ्लोट खाली जातो तो पुष्कळदा मासा अंगाने लाइनला, म्हणजे गळाच्या दोरीला, घासून जातो म्हणून. अशा लाइन बाइटला तुम्ही लवकर उचलले काय किंवा उशिरा उचलले काय, गळ त्याच्या तोंडात मुळात गेलेलाच नसतो. खरा प्रश्न हा की मासा लाइनला घासण्याच्या स्थितीत का उभा आहे. कार्पला जबड्यात दात नसतात. तो तोंड नळीसारखे खाली लांबवून गाळासकट खाद्य ओढतो, नको ते बाहेर टाकतो आणि कठीण दाणे घशातील दातांनी भरडतो. हे सगळे करताना त्याचे डोके तळाशी व शेपूट वर असते, आणि साडेतीन-चार किलोचा असा मासा शेपूट हलवतो तेव्हा तळावरचे हलके पेलेट व मॅगट (माशीच्या अळ्या) वर उडतात. एकदा खाद्य मधल्या पाण्यात तरंगू लागले की पाठीमागचे मासेही तळ सोडून मधल्या पाण्यात येतात, आणि तेथे तर माझी लाइन उभी असते.

म्हणून या वेळी सुरुवात खोलीपासून केली. सामना सुरू होण्यापूर्वीच्या वेळात प्लमेट (खोली मोजायचे वजन) घेऊन वेताच्या रांगेलगत वीतभर अंतराने तळ चाचपला. उताराच्या पायथ्याशी, जेथे बहुतेक जण बसतात, तेथे खोली सुमारे ३० इंच भरली. काठाच्या अगदी जवळ, वेताच्या एका खाचेत, साधारण दोन ताटल्या मावतील एवढीच सपाट जागा २० इंचांवर सापडली. तिच्या अलीकडे आणि पलीकडे प्लमेट घसरत होता. उतारावर टाकलेला चारा गडगडत खाली जातो आणि मासे तिरपे उभे राहून तो वेचतात, म्हणून सपाट जागा हवी. आणि २० इंच पाण्यात मोठ्या कार्पला डोके खाली घातल्यावर अंगाखाली-अंगावर फारशी जागाच उरत नाही. त्याला खायचे असेल तर तळाशीच खावे लागते. ३० इंचांत मात्र दोन थर लागतात, एक तळाशी आणि एक त्याच्या पाठीवर. माझा सगळा सिद्धांत एवढाच आहे, आणि रविवारपुरता तरी तो टिकला.

दुसरा बदल चाऱ्यात. सुटे पेलेट पूर्ण बंद केले. ग्राउंडबेट (भुकटीचा चारा) नेहमीपेक्षा बरेच ओले करून, चाळणीतून दोनदा काढून, मेलेल्या मॅगटसह पोलच्या टोकाला लावायच्या मोठ्या पॉटमध्ये (चाऱ्याच्या वाटीत) अंगठ्याने घट्ट दाबले, म्हणजे तो गोळा तसाच्या तसा तळाशी जातो व तेथेच बसतो. मॅगट मेलेलेच हवेत, कारण जिवंत असले तर गाळात शिरतात आणि माशाला ते उकरावे लागतात, म्हणजे पुन्हा खळबळ. ते मारण्यासाठी फ्रीजरमध्ये ठेवावे लागतात. त्या डब्याविषयी घरात झालेली चर्चा येथे देत नाही. एक पॉट, एक मासा, मग पुन्हा एक पॉट, हा हिशेब ठेवला. जास्त मासे गोळा करणे हे मार्जिनमध्ये यशाचे लक्षण मानले जाते. मला ते आता संकटाचे लक्षण वाटते.

तिसरा बदल मांडणीत. ४×१२ मापाचा नाजूक फ्लोट बाजूला ठेवून ०.३ ग्रॅमचा, जाड ब्रिसलचा (वरच्या टोकाच्या काडीचा) फ्लोट घेतला. शॉट (दोरीवरची छोटी वजने) सगळे एकत्र, हुकलेंग्थच्या (गळ बांधलेल्या शेवटच्या तुकड्याच्या) जरा वर. पोलचे टोक आणि फ्लोट यांत वीतभरच लाइन. ब्रिसल चांगला सेंटिमीटरभर पाण्याबाहेर ठेवला, आणि येथे खरी गंमत कळली: लाइन बाइटला तो झटक्याने अर्धा बुडून पुन्हा वर येतो, तर खरा मासा त्याला सावकाश, न थांबता खाली नेतो आणि खालीच ठेवतो. टोकापर्यंत बुडवलेल्या ब्रिसलमध्ये हा भेद दिसतच नाही, कारण दोन्ही वेळा तो नाहीसाच होतो. उचलणे म्हणजेही झटका नव्हे. पोल फक्त बाजूला सरकवायचा, इलॅस्टिक ताणले गेले की गळ आपोआप बसतो.

गळ १४ नंबरचा कामासान बी९११, त्यावर आठ-दहा मेलेल्या लाल मॅगटचा घोस. या गळाची तार जाड आहे व टोक टिकते, आणि मार्जिनसाठी याहून महागडे काही घेण्याची गरज मला दिसत नाही. हीच गोष्ट पोलची. लांब सामन्यांचा हलका पोल काठावरच्या मोठ्या कार्पसमोर वापरणे म्हणजे पैसे पाण्यात घालण्याची हौस आहे. आखूड, जड, स्वस्तातला मार्जिन पोल आणि त्यात पुलर (इलॅस्टिक हाताने ओढून घ्यायची सोय) बसवलेले १६ नंबरचे पोकळ इलॅस्टिक हेच काम अधिक निश्चिंतपणे करते. उलट पेलेटच्या बाबतीत काटकसर महागात पडते. ऑनलाइन मागवलेल्या मागच्या पोत्यात निम्मा भुगा निघाला, विक्रेत्याचे नाव घेत नाही, पण यापुढे पोते डोळ्यांनी पाहूनच उचलायचे ठरवले आहे.

पावणेदोनला पहिला पॉट गेला. पाच मिनिटे काहीच नाही, मग वेताचा एक दांडा हलला. फ्लोट दोनदा थरथरला, हात बांधून बसलो. तिसऱ्यांदा तो सावकाश बुडाला आणि पोल सरकवताच तळाशी ते ओळखीचे जड डोके झटकणे जाणवले. आठ पौंडांचा, पूर्ण खवल्यांचा कॉमन, गळ खालच्या ओठाच्या मधोमध. इतका नेमका गळ पाहून शेजारच्या पेगवरील आजोबांना हाक मारून दाखवावासा वाटला, परंतु सामन्यात असे करत नाहीत. त्यानंतर तीनपर्यंत काठ एकदाही पूर्ण ओस पडला नाही. फाऊल हुक झालेच नाहीत असे नाही. अडीचनंतर वारा मंदावला तसे मासे वाढले, आणि त्याच वेळी दोन कार्प लागोपाठ पोहण्याच्या पराला गळ अडकून लागले व सुटले.

या दोघांमुळे पुढचा बेत बदलला आहे. पुढच्या सामन्यात मार्जिनला पेस्ट (मळलेल्या पिठासारखे आमिष) लावून पाहायची असे ठरले होते, कारण पेस्ट जड असते व शेपटाच्या वाऱ्याने उडत नाही. परंतु परवा पवईच्या तलावावर वर्षानुवर्षे गळ टाकणाऱ्या एका ज्येष्ठांशी फोनवर बोलणे झाले. ते म्हणाले, “अरे, गर्दी झाली की तू आमिष कशाला बदलतोस? जागा बदल. त्यांना तिथे खाऊ दे, तू बाजूला बस.” रोहू, कटला आणि मृगळ एकाच चाऱ्यावर येतात तेव्हा मृगळ तळाशी, रोहू मध्ये आणि कटला वर अशी वाटणी असते, आणि हवा तो मासा काढायचा तर गर्दीच्या कडेला बसावे लागते, असा त्यांचा अनुभव. येथे एकाच जातीचे मासे असले तरी गर्दीचे तर्कशास्त्र तेच आहे. म्हणून आता दोन्ही मार्जिन चालवायच्या: उजवीकडे मासे वाढले की तेथे एक पॉट देऊन डावीकडच्या रिकाम्या प्लॅटफॉर्मकडे वळायचे, तेथून एक-दोन मासे काढायचे, तोवर उजवीकडची खळबळ बसलेली असेल.

हे लिहिता लिहिताच आणखी एक शंका आली. ग्राउंडबेट कितीही ओले केले तरी मासे त्याचा ढग उठवतातच, आणि तो ढगच त्यांना तळावरून वर खेचत असावा. तसे असेल तर ग्राउंडबेटच काढून टाकावे, आणि सहा मिलिमीटरचे लंचन मीटचे (डब्यातल्या मांसाचे) चौकोनी तुकडे नुसते पॉटने द्यावेत. ते लगेच बुडतात आणि ढग करत नाहीत. म्हणजे एका मार्जिनवर ग्राउंडबेट व मॅगट, दुसऱ्यावर नुसते मीट, खोली दोन्हीकडे २० इंच, फ्लोट तोच. डावीकडे प्लॅटफॉर्मच्या पायांजवळ एवढी सपाट जागा मिळेल का, हे प्लमेटच सांगेल. रविवारी तो भाग चाचपलेला नाही. मीट कटरची जाळी सहा मिलिमीटरची आहे, आठची कोणी वापरून पाहिलेली असल्यास मोठ्या तुकड्यांवर छोटे एफ-वन कमी येतात का, ते जरूर कळवावे. सामना पंधरवड्याने आहे आणि तोपर्यंत मीटचे चार डबे घेऊन ठेवतो.