कुंभार्ली घाट आणि जुन्या पिकअपची कूलंटगळती

मे महिन्यात गुहागरहून आंब्याच्या पेट्या भरून चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर आणि पाटण या मार्गाने कराडला जाताना आमच्या जुन्या डिझेल पिकअपमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, गळू लागले. चिपळूणलाच दुरुस्ती करून त्याच दिवशी घाट चढता आला. या रस्त्याने भरलेली जुनी गाडी नेणाऱ्यांच्या उपयोगी पडावा म्हणून तपासणीचा आणि दुरुस्तीचा क्रम येथे सविस्तर देत आहे.

गुहागर ते चिपळूण हा सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता चढउतारांचा असला, तरी तेथे गाडी धावती राहते आणि समोरून येणारा वारा रेडिएटरला थंड ठेवतो. त्यामुळे शृंगारतळी ओलांडल्यावर टेंपरेचरचा काटा रोजच्यापेक्षा किंचित वर दिसला, एवढाच फरक होता. चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळ थांबल्यावर मात्र बॉनेटमधून कूलंटचा गोडसर वास येत होता आणि खाली, पुढच्या बाजूला, थेंब पडत होते. पुढे जायचे की नाही, हा निर्णय याच ठिकाणी घ्यावा. पोफळी सोडून चढण सुरू झाली, की वाटेत सुटे भाग मिळतील या भरवशावर राहू नये. घाटात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चढते, इंजिनावर भार पूर्ण असतो आणि वारा जवळजवळ नसतो. सपाटीवर जी गळती निभावून जाते, ती तेथे निभावत नाही.

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याचे कारणही लक्षात ठेवावे. ०.९ बारच्या झाकणामुळे आतील दाब वाढतो आणि साधे पाणीसुद्धा सुमारे ११९ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच तो दाब नाहीसा होतो, आतले पाणी क्षणात उकळते आणि उघडणाऱ्याच्या अंगावर येते. वरचा होज पाइप हाताने सहज दाबता येईल इतका थंड होईपर्यंत थांबावे. याच कारणाने झाकणाचे रबर आणि स्प्रिंगही तपासावे, कारण झाकण सैल असेल तर कोठेही गळती नसताना गाडी पाणी बाहेर टाकते.

थेंब जेथे पडतो तेथेच गळती असते असे नाही. पंख्याचा वारा आणि इंजिनाच्या कडा पाणी दूरवर नेतात. आमच्या गाडीत खालचा होज पाइप ओला होता, त्यामुळे त्याची क्लिप आवळावी असे कोणालाही वाटले असते. मिस्त्रींनी तसे न करता प्रथम सगळा भाग पुसून कोरडा केला आणि झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब दिला. थोड्या वेळाने वॉटर बॉडीच्या, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या, खालच्या बारीक भोकातून पाणी झिरपू लागले व तेच ओघळून पाइपवर येत होते. तेथे वाळलेल्या कूलंटचा पांढरट-हिरवा थरही होता. असा थर जुन्या गळतीची खूण असते आणि ती ओल्या डागापेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

ते भोक मुद्दाम ठेवलेले असते. पंपाच्या दांड्यावरचे सील झिजले, की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तेथून बाहेर पडते. काही जण ते एम-सीलने बुजवतात. मग पाणी बेअरिंगमध्ये जाते, ग्रीस धुतले जाते आणि बेअरिंग खिळखिळे होते. आमच्यासारख्या जुन्या इंजिनांमध्ये पंखा त्याच दांड्यावर असतो, म्हणजे तो हलू लागला तर थेट रेडिएटर फोडू शकतो. बेल्ट सैल करून पंखा हाताने पुढे-मागे हलवून पाहिला असता त्यात ढिलाई जाणवली, तेव्हा पंप बदलण्यावाचून मार्ग नव्हता.

गळतीवर रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा सल्ला रस्त्यावर अजूनही मिळतो. ती फुगून बारीक छिद्र बुजवते हे खरे, परंतु त्याच वेळी रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही साचते, आणि घाटात हव्या असलेल्या नेमक्या त्या क्षमतेवरच घाला घालते. पंपाच्या सीलवर तर तिचा उपयोग नाहीच. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याचा सल्लाही स्वीकारू नये. त्यामुळे इंजिन नेहमी थंड चालून डिझेल जास्त लागते आणि झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरत राहिल्याने उष्णता उलट वाढते.

दुरुस्ती अवघड नव्हती. कूलंट डब्यात काढून घेतले, बेल्ट व पंखा उतरवला आणि पंपाचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असल्याने त्यांचे स्थान पुठ्ठ्यावर मांडून ठेवले. जुने गॅस्केट (पंप आणि इंजिन यांच्या सांध्यातील पातळ पट्टी) पूर्ण खरवडून पृष्ठभाग स्वच्छ करण्यात सर्वाधिक वेळ गेला, आणि तो द्यावाच, कारण नवा पंप बसवूनही गळती राहते ती बहुधा येथेच. बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. कूलंट भरताना गाडीचे तोंड चढाकडे ठेवावे, हीटर असल्यास तो पूर्ण गरमवर ठेवावा आणि झाकण उघडे ठेवून इंजिन संथ चालू द्यावे; थर्मोस्टॅट उघडताच पातळी खाली जाते, तेव्हा पुन्हा भरून झाकण लावावे. पाणी मिसळायचे असल्यास बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर वापरावे, बोअरचे पाणी क्षार साचवते. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नयेत.

चिपळूणमध्येच रिकाम्या रस्त्यावर गाडी फिरवून, बेल्टचा ताण पुन्हा पाहून मगच आम्ही शिरगाव, पोफळीमार्गे घाटाला लागलो. काटा घाटमाथ्यापर्यंत मध्यावर राहिला. तो चढू लागलाच असता तर, पाणी शिल्लक असल्याची खात्री असल्यास, चाकांना दगड लावून इंजिन काही मिनिटे संथ चालू ठेवणे योग्य, म्हणजे पंखा फिरत राहतो. वाफ उसळत असेल तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

या प्रवासासाठी गाडीत जवळपास ५ लिटर पाणी, थोडे कूलंट, एक जादा बेल्ट, दोन-तीन होज क्लिपा आणि पाने असावेत. कराडला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी आणि पंपाखालचे भोक दोन्ही पाहिले; भोक कोरडे होते, पातळी किंचित उतरली होती, ती आतली हवा निघून गेल्यामुळे, आणि तेवढे भरल्यावर नंतर ती उतरली नाही. काढलेले जुने कूलंट गटारात किंवा उघड्यावर ओतू नये. त्याच्या गोड चवीमुळे कुत्री ते चाटतात आणि त्यातील ग्लायकॉल विषारी असते. आम्ही ते झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजमध्येच ठेवून आलो.