गिरक्या खाणारं गांडूळ

“तुझं गांडूळ गिरक्या खायलंय की रं!”

येलदरी धरणाच्या काठावर आज सकाळी, शेजारी गळ टाकून बसलेले मामा बोलले. मी जरा चिडलोच. माझ्या गळाला रबरी गांडूळ होतं आणि सगळं व्हिडिओत दाखवतात तसंच केलं होतं: पुढं गोळीसारखं शिसं, ऑफसेट (मानेशी वाकवलेला) हुक डोक्यातून ओवून फिरवलेला, टोक परत रबराच्या अंगात लपवलेलं. म्हणजे शेवाळात अडकत नाही आणि मरळ माशानं चावलं की रबर दबून टोक बाहेर येतं.

“खरं गांडूळ असं भिंगरीवानी फिरतं का?”

बघितलं तर खरंच. हुक नेमक्या जागी न टोचल्यामुळं गांडुळाला पोक आलं होतं. दोरीला पीळच पीळ.

मामांनी ते हातात घेतलं, वास घेतला (तोंड वाकडं केलं), हुक उपसला आणि अंगाला टेकवून माप घेत पुन्हा ओवला. सुतासारखं सरळ. रबरी गांडूळ त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

तासभर मी टोक नीट लपलंय का, तेच तपासत होतो. ते पाण्यात कसं चालतंय, हे एकदाही का बघितलं नसेल?

मरळ? नाही लागली. मामांच्या पिशवीत दोन होत्या.