हातचा एक

दुसरीत बेरजा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आमच्या बाई केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळकी साल, पाण्यात भिजत घालायच्या. कोकणातली दोन शिक्षकी शाळा, साल १९७९. सरकारची खडू-फळा योजना यायला अजून आठेक वर्षं होती, गणिताची पेटी वगैरे काही शाळेत नव्हती. होते ते माडाच्या झावळीचे हीर, म्हणजे पात्यांमधल्या काड्या. प्रत्येकाने घरून मूठभर आणायचे. बाई ते कोयतीने वीत-वीतभर तोडून द्यायच्या.

मग जमिनीवर बसून आम्ही दहा-दहा हिरांच्या जुड्या बांधायचो. सोपटाचे दोन वेढे आणि गाठ. नऊ भरले तर बांधायचं नाही, अकरा झाले तर एक बाहेर. जुडी म्हणजे दशक आणि सुटा हीर म्हणजे एकक, हे शब्द बाईंनी दोन-तीन दिवसांनी सांगितले.

२७ आणि १५ ची बेरीज मला अजून दिसते. सात सुटे आणि पाच सुटे एकत्र केले, बारा झाले. त्यातले दहा बांधायचे आणि ती नवी जुडी खाली न ठेवता डाव्या हातात धरून राहायचं. "काय आलं हाती?" बाई विचारायच्या. जुडी! तोच हातचा एक. मग मांडलेल्या जुड्या मोजायच्या, दोन आणि एक तीन, आणि हातातली त्यांच्याशेजारी ठेवायची. चार जुड्या, दोन सुटे. बेचाळीस. मी स्वतः शिक्षिका झाल्यावर पाहिलं, की बहुतेक मुलांना हातचा म्हणजे दशकाच्या डोक्यावर लिहायचा बारीक आकडा एवढंच ठाऊक असतं. आम्हाला तो ओलसर, सोपटाच्या वासाचा, मुठीत मिळाला होता.

वजाबाकीत उलटं. ४२ मधून १७ काढायचे, तर दोन सुट्यांतून सात कसे जाणार? एक जुडी सोडायची. गाठ घट्ट बसलेली असली की आम्ही दात लावायचो आणि बाई रागवायच्या.

माझी मोठी अडचण संख्यांच्या नावांची होती. पंचवीस म्हटलं की आधी पाच ऐकू यायचे, म्हणून मी ५२ लिहायचे. बाईंनी पाटी बाजूला ठेवायला लावली. "बोलताना आपण सुटे आधी बोलतो, मांडताना जुड्या आधी मांडतो. मांड बघू पंचवीस." आठवडाभर मी फक्त मांडत होते. एकोणतिसाला तर त्यांनी तीन जुड्या ठेवल्या आणि एकीतून एक हीर उपसून माझ्या हातात दिला. तिसाला एक उणा. त्यानंतर एकोणचाळीस, एकोणपन्नास कधी अडले नाहीत.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मांडलेली मुलांची अडचण खरी होती. मी ती भोगली आहे. तरी मला वाटतं, नाव कुठलंही घ्या, आधी मुलाच्या हातात जुडी द्या.

आमच्या शाळेत शनिवारी चिंचोके असायचे. फोडून, दगडावर घासून पांढरे केलेले चार अर्धे चिंचोके टाकायचे: चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. कोण आधी पन्नासाला पोचतं ते बघायचं. त्या खेळात तोंडी बेरीज किती झाली याचा हिशोब कुणी ठेवला नाही. फळ्याची लांबी वितीने मोजायचा एक तासही होता. माझ्या विती बाईंच्या वितींपेक्षा जास्त भरल्या, आणि मग बाईंनी टेबलामागची मीटरपट्टी काढली. ती का लागते, हे तेव्हा कुणाला विचारावं लागलं नाही.

मी २७ वर्षं ठाण्यात पहिली-दुसरीला शिकवते. दर मे महिन्यात गावाहून हिरांचा भारा घेऊन जाते. सोपट तिथे मिळत नाही, म्हणून पहिल्या वर्षी रबर आणले. पण रबर नुसतं ताणून चढवलं की झालं. मुलं बांधायच्या आधी मोजायला थांबेनात. आता जाड सुती दोरा वापरते. गाठ मारायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात बहुतेक जण हीर पुन्हा एकदा मोजून घेतात.